मखमली किड्याचं कपाट

आमचं संग्रहालय नव्या इमारतीत हलत होतं. प्राण्यांच्या प्रत्येक संघाला, म्हणजे मोठ्या गटाला, एक कपाट; कपाटं बावीस, क्रमांकही बावीस. ज्या बरणीपुढे यादीत कपाटाचा क्रमांक नसेल ती संध्याकाळी टाकाऊ खोक्यात, असा विभागप्रमुखांचा हुकूम.

ती बरणी मला गांडुळांच्या कपाटात, अगदी मागच्या रांगेत सापडली. चिठ्ठीवर ‘गांडूळ?’ एवढंच लिहून कुणीतरी हात झटकले होते. भिंगातून पाहिलं, तर त्या गांडुळाला पायांच्या एकोणीस जोड्या होत्या. आखूड, गुबगुबीत पाय आणि प्रत्येकाला दोन नखं.

“सर, हा मखमली किडा आहे. आपल्याकडे हा एकच,” मी बरणी विभागप्रमुखांपुढे ठेवत म्हणाले.

“पाय आहेत ना? मग संधिपादांत टाक, खेकड्यांशेजारी.”

“पायांना सांधेच नाहीत, सर. संधिपाद कसा म्हणू?”

“मग होता तिथेच ठेव.”

“गांडुळाला नखं कुठे असतात? याचा संघच वेगळा आहे.”

“एवढ्याशा किड्याला स्वतंत्र संघ! उद्या बंगला मागशील त्याच्यासाठी.”

बरण्या कागदात गुंडाळणारे काका हळूच म्हणाले, “पोरी, घाल कुठेतरी. जीव तरी वाचेल त्याचा.”

“मरून चाळीस वर्षं झाली त्याला, काका. आणि चुकीच्या कपाटातली बरणी वाचत नाही, हरवते. आजपर्यंत हरवलेलीच होती की ही.”

सरांनी घड्याळ पाहिलं. “हे बघ, भाषण नको. कपाट दाखव, क्रमांक देतो. नाहीतर खोकं.”

मी बाहेर व्हरांड्यात गेले. तिथे आम्हा कर्मचाऱ्यांची पत्र्याची छोटी कपाटं होती. माझ्या कपाटातून ॲप्रन, छत्री, डबा आणि दोन जुनी मासिकं बाहेर काढली, फडकं मारलं आणि दारावर खडूने २३ लिहिलं. काकांनी कपाटाची एक बाजू धरली. आम्ही ते उचलून सरांच्या टेबलासमोर आणून ठेवलं.

“हे तुझं कपाट आहे,” सर म्हणाले.

“होतं.”

“संग्रहालयाचं कपाट कशाला म्हणायचं, ते मी ठरवतो.”

“‘कपाट दाखव’ असं तुम्हीच म्हणालात, सर. हे दाखवलं.”

काकांना नेमका तेव्हाच खोकला आला. सरांनी यादी ओढून शेवटच्या ओळीखाली तेवीस लिहिलं.

“आणि डबा कुठे ठेवणार तुझा?”

“खेकड्यांशेजारी.”

मी नवी चिठ्ठी घेतली. अल्कोहोलात शाई विरघळते, पेन्सिल टिकते, म्हणून आम्ही चिठ्ठ्या पेन्सिलनेच लिहितो. लिहिलं: ‘मखमली किडा. स्वतंत्र संघ. कपाट २३.’

सर खांद्यावरून वाचत होते. “तो ‘स्वतंत्र’ शब्द खोडलास तरी चालेल.”

मी चिठ्ठी बरणीत सोडली आणि झाकण घट्ट पिळलं.