भीमाचे दोन उजवे पाय

निंबखेड्याचे हिंमतराव दहा वर्षं सरपंच होते. पद गेलं, पण आलेल्या-गेलेल्याला थांबवून गाव दाखवायची सवय गेली नाही. दाखवायला होता भीमाचा पाय. गावाबाहेरच्या नाल्यात, काळ्या खडकावर, चांगला चार फूट लांब आणि पाचही बोटांसकट. वनवासात असताना भीमाने सातपुड्यावरून ढांग टाकली ती थेट इथे, असं हिंमतराव सांगत. दरवर्षी त्यात ते थोडी भर घालत. गेल्या दोन वर्षांपासून भीमाच्या खांद्यावर एक रेडाही आला होता.

तोरणमाळला जाणाऱ्या गाड्या याच रस्त्याने वर जातात. पायासाठी मात्र कुणी थांबत नसे. मग जिल्ह्याच्या एका कार्यालयाच्या मनात आलं की पर्यटकांना रस्त्यातही अडवावं. 'रस्त्यालगतची अनोखी ठिकाणं' अशी योजना निघाली. निवडलेल्या ठिकाणी मोठी पाटी, पेव्हर ब्लॉक, दोन बाकं आणि पत्र्याची शेड मिळणार होती. पाहणीसाठी रुचिका मॅडम आल्या. वय सव्वीस, नोकरीला लागून सात महिने, हातात टेप आणि सहा पानी फॉर्म.

मॅडमनी पाय मोजला, फोटो काढला, रेड्याची गोष्ट लिहून घेतली. मग जरा अवघडून म्हणाल्या की आत्ताच करणव्याहून आले, तिथेही असाच पाय आहे. करणवे आठ किलोमीटरवर. तिथल्या रतिलालभाईंच्या केळीच्या बांधाला असा पाय आहे हे हिंमतरावांना चाळीस वर्षांपासून माहीत होतं, आणि चाळीस वर्षं ते त्याला नकली म्हणत आले होते. पण मॅडमची अडचण वेगळीच निघाली.

"काका, तुमचा डावा आहे, आणि त्यांचाही डावाच आहे," त्या म्हणाल्या. "एक जरी उजवा असता, तर दोन्ही गावं एकत्र बसवता आली असती. भीमाची एक ढांग, आठ किलोमीटर. आता एकालाच पाटी मिळेल."

पंधरा दिवसांनी शेवटचे फोटो घ्यायला येते, असं सांगून त्या जीपमध्ये बसल्या.

जीप नजरेआड झाल्यावर हिंमतरावांनी चपला काढल्या आणि खडकावरच्या पायात आधी स्वतःचा डावा पाय ठेवून पाहिला, मग उजवा. मॅडमचं खरं होतं. अंगठा नको त्या बाजूला होता.

शहाद्याच्या रस्त्याला बाभळीखाली दिवाल्या पाटे-वरवंटे घडवत बसे. मूळचा धडगावकडचा, छिन्नीचा हात पिढीजात. हिंमतरावांनी त्याला आणून काम समजावलं. या बाजूचा अंगठा सिमेंटने बुजवायचा, त्या बाजूला नवा कोरायचा, करंगळी इकडे आणायची. दिवाल्या बराच वेळ खडकाकडे बघत राहिला. दोन दुपारी बसून त्याने काम उरकलं. गावात सांगितलं होतं की पायाची साफसफाई चालू आहे. नवा अंगठा फार गोरा दिसत होता, म्हणून हिंमतरावांनी स्वतः ट्रॅक्टरचं जळकं ऑइल चोळून त्याला महाभारताच्या काळात नेलं.

पंधरा दिवसांनी मॅडम आल्या. पायाकडे बघितलं, मोबाइलमधला जुना फोटो बघितला, परत पायाकडे बघितलं.

"शेवाळ होतं, मॅडम," हिंमतराव शुद्ध मराठीत म्हणाले. "घासल्यावर खरा पाय उघडा पडला."

मॅडमनी हिंमतरावांना जीपमध्ये बसवलं आणि करणव्याला नेलं. रतिलालभाई बांधावर हार घेऊन उभेच होते. सुनेने पायाभोवती रांगोळी काढली होती. रांगोळीच्या मधोमध भीमाचा पाय होता, आणि तो उजवा होता. रतिलालभाई सांगू लागले की केळीच्या पाण्याने गाळ साचला होता, तो काढल्यावर... एवढ्यात त्यांची नजर हिंमतरावांच्या चेहऱ्यावर गेली आणि वाक्य तिथेच राहिलं. पायाला तेलाचा वास येत होता. तेल डिझेल पंपाचं असावं.

मॅडमनी कपाळ चोळलं. महिनाअखेर त्यांना तालुक्यातून पाच ठिकाणं वर पाठवायची होती आणि आत्तापर्यंत धरून-बांधून तीन झाली होती. त्यांनी दोघांच्या देखत मोबाइलमधले दोन्ही जुने फोटो पुसून टाकले.

"शुक्रवारपर्यंत मला एक गोष्ट सांगा," त्या म्हणाल्या. "कोणतीही चालेल, पण दोघांची एकच पाहिजे."

जन्मात एकमेकांच्या ओट्यावर न बसलेले ते दोघे रतिलालभाईंच्या पिकअपमध्ये शेजारी बसून दिवाल्याकडे जाब विचारायला गेले. दिवाल्या एका पाट्याला टाकी लावत होता. हात न थांबवता त्याने सांगितलं, "तुम्ही सांगं उजवा करी दे, मी करी दिना. त्यासनी बी तेच सांगं."

"मंग माले का बरं नही सांगं?" हिंमतरावांनी विचारलं.

"तुम्ही इचारं नही."

रतिलालभाई चिडले. देवाच्या कामात अशी लबाडी करतात का, असं म्हणू लागले. तेव्हा दिवाल्याने छिन्नी खाली ठेवली. "दगडवर पानीना खड्डा व्हता," तो म्हणाला. "बोटं मन्हा बापनी काढेल शेतस. दोन्हीकडली."

मग त्याने शांतपणे सगळं सांगितलं. आधी हिंमतरावांच्या वडिलांनी बोलावलं होतं. निंबखेड्याला पाय आला हे कळल्यावर महिन्याभरात रतिलालभाईंच्या वडिलांनी. दोन्ही पाय डावे का झाले, तर बाप उजवा पाय मांडीखाली दुमडून बसायचा. समोर त्याला स्वतःचा डावाच दिसायचा. तो बघून बोटं काढायचा.

परत येऊन निंबखेड्याच्या फाट्यावर उतरताना हिंमतराव म्हणाले की दिवाल्याचा बाप दारू पीत असेल, त्यामुळे दिवाल्या काय ऐकून मोठा झाला कोण जाणे. रतिलालभाईंनी ते लगेच मान्य केलं. चाळीस वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

संध्याकाळी जेवताना हिंमतरावांनी सगळं बायकोला, सरलाबाईंना, सांगितलं. बापाचं तेवढं वगळलं. सरलाबाई ताटात भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "दोन्ही उजवाज शेतस, तं मंग भीम लंगडी खेळत गया व्हई."

त्यांनी ते नवऱ्याची जिरवायला म्हटलं होतं. पण हिंमतरावांचा घास हातातच राहिला. उष्ट्या हाताने त्यांनी रतिलालभाईंना फोन लावला. भीमाच्या डाव्या पायात काटा मोडला होता, म्हणून तो आठ किलोमीटर लंगडी घालत गेला. रतिलालभाईंनी थोडा विचार करून काटा बाभळीचा ठरवला.

मॅडमनी शब्द न् शब्द लिहून घेतला. वरच्या साहेबांना गोष्ट इतकी आवडली की दोन्ही गावांना पाट्या मंजूर झाल्या: 'दोन उजवी पावलं असलेलं एकमेव स्थळ'. दिवाळीच्या सुट्टीत गाड्या थांबू लागल्या. सुरत-इंदूरकडचे जाडजूड लोक पेव्हर ब्लॉकवर लंगडी घालत व्हिडिओ काढू लागले. शाळांच्या सहली आल्या. एका गुरुजींनी पायाला हात लावल्याने गुडघेदुखी थांबल्याचं सांगितलं, तेव्हापासून पायात नारळही पडू लागले. हिंमतराव शेडमध्ये खुर्ची टाकून बसत आणि काट्याचा प्रसंग असा रंगवत की ऐकणाऱ्या बायका चुकचुकत. रेडा त्यांनी काढून टाकला. लंगडी घालताना तो खांद्यावर बसला नसता, हे त्यांना पटलं होतं.

पौष महिन्यात घाटाच्या पायथ्याच्या गावचा इंद्रसिंग त्यांना भेटायला आला. त्याच्या शेतात म्हणे एक लांब, टोकदार दगड सापडला होता. भीमाच्या पायातला काटा तोच, याबद्दल त्याला शंका नव्हती. सोमवारी मॅडम बघायला येणार होत्या. आपणही यावं आणि दोन शब्द बोलावेत, अशी त्याची विनंती होती.

हिंमतरावांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. तो गेल्यावर बराच वेळ त्यांचा राग उतरत नव्हता.

"लोके काहीबी बनावतस," ते सरलाबाईंना म्हणाले, आणि शेडच्या चाव्या घेऊन नाल्याकडे निघाले. बाहेर सहलीची बस उभी होती.