मधुमिताची पाठ

माझी बायको कामाक्षी गेली आणि मधुमिताचे कपडे ओले व्हायला लागले. म्हणजे मला तेव्हा दिसायला लागले. शाळेतून आली की ती सरळ न्हाणीघरात जायची, स्कर्ट स्वतः धुवायची आणि मागच्या दोरीवर टाकायची. आमच्या डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "आईवेगळं पोर आहे, सेतू. थोडे दिवस जाऊ दे, आपोआप थांबेल."

ती डावा पाय ओढत चालायची. चप्पल पायातून निसटून मागे राहिली तरी तिला कळायचं नाही. तेही आम्ही दुःखाच्याच खात्यावर टाकलं. मी स्वतः दुकानात विड्याची पानं रचता रचता हात थांबवून बसून राहायचो. मोठ्या माणसाचं असं होतं, तर बारा वर्षांच्या मुलीचं होणारच, असं वाटायचं.

पोंगल झाल्यावर तिला न्हाण आलं. आम्ही मराठी बोलतो, पण या तमिळ गावात कित्येक पिढ्या राहिलेलो; इथल्या सगळ्यांसारखंच आमच्याकडेही हळदीच्या पाण्याने मुलीला न्हाऊ घालतात. कामाक्षी नाही, म्हणून तिची थोरली बहीण राजेश्वरीअक्का तिरुविडैमरुदूरहून आली. शेजारच्या बायका जमल्या. मधुमिता तयार होईना.

"मी माझी न्हाते, मावशी."

"ऐकलंस का सेतू? तुझी लेक कलेक्टर झाली. तिला आपले हात चालत नाहीत."

बायका हसल्या. अक्काने तिला दंडाला धरून मागच्या अंगणात नेलं. मी पुढच्या दाराशी थांबलो. थोड्या वेळाने मागचं हसणं एकदम बंद झालं.

अक्का हळदीच्या हातांनीच बाहेर आली. "हिंगड ये," तिने मला हळूच जवळ बोलावलं. "पोरीच्या कमरेवर शेपटासारखे केस आहेत. तुला ठाऊक होतं?"

ठाऊक होतं. जन्मली तेव्हा ते जावळासारखे मऊ होते. मूल व्हावं म्हणून कामाक्षीने तिरुनागेश्वरम्‌ला नागनाथाच्या देवळात राहुकाळात दूध वाहिलं होतं. मुलगी नागनाथाने दिली, म्हणून त्याची खूण घेऊन आली, असं ती म्हणायची. ते केस तिने कधी कापू दिले नाहीत, कोणाला दाखवलेही नाहीत. पुढे मुलगी मोठी झाली, तिची पाठ मी कशाला बघतोय.

एक म्हातारी म्हणाली, देवाचं आहे, हात लावू नका.

"देवाचं असेल तर डॉक्टरने बघितल्याने झिजणार नाही," अक्का म्हणाली.

तंजावूरच्या इस्पितळात एका डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं. डावं पाऊल उजव्याहून लहान होतं, तळवा कमानीसारखा वर उचललेला. बाईंनी त्या तळव्याला टाचणी टोचली. मधुमिता पंख्याकडे बघत होती. टोचलेलं तिला कळलंच नाही. मग एमआरआय काढला.

बाईंनी तमिळमध्ये समजावून सांगितलं. पोटात असतानाच कमरेच्या मणक्यांची हाडं मागून नीट जुळली नाहीत. वरून कातडी असते, म्हणून दिसत नाही. पण आतली नसांची दोरी खाली चिकटून बसते. मूल उंच होतं, तशी ती ताणत जाते. त्यात पायाच्या आणि लघवीच्या नसा मरतात. कमरेवर मधोमध असे केस दिसले, तर लहानपणीच आत बघून घ्यायचं असतं.

"लहानपणी आणली असती तर?" मी विचारलं.

बाईंनी मधुमिताकडे पाहिलं. "आता आणलीत ना," त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मधुमिता म्हणाली, "आई गेल्यामुळे नाही ते. आधीपासून होतं. आई मला आतून दोन कापडं घालून पाठवायची. कोणाला सांगू नको म्हणायची."

"आज असती तर थोबाडीत मारली असती मी तिच्या," अक्का म्हणाली आणि पदर तोंडाला लावून तिथेच खाली बसली.

मलाही राग आला. पण घरी जाऊन तो कोणावर काढणार? तिच्या फोटोसमोर उभा राहिलो, की तीच आठवायची, नऊ महिने कूस न बदलता झोपणारी.

ऑपरेशन झालं. आणखी बिघडू नये म्हणून करतोय, गेलेलं परत येईलच असं नाही, हे बाईंनी आधी सांगितलं होतं. मी ऐकलं होतं, पण धरून चाललो होतो की येईल. पाय आला नाही. लघवी पूर्ण उतरत नव्हती. अशीच साठत राहिली तर मूत्रपिंडं जातील, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा स्वतःच्या हाताने नळी घालून ती काढायची, असं ठरलं. शिकवायला नर्स होती. अक्का तेव्हा परत गेली होती. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला.

"आईला आत पाठवा," नर्स म्हणाली.

"आई नाही. मीच शिकते," मधुमिता म्हणाली. पडदा ओढला गेला. मी बाहेर बाकावर बसलो. आतून नर्सचा आवाज येत होता, पुन्हा, परत एकदा, घाई नको.

ती बाहेर आली. "नाही जमलं. दुखत नाही, पण कुठे घालायची ते आरशात दिसत नाही. उद्या बोलावलंय."

"उद्या येऊ."

"किती दिवस करायचं असतं हे, अप्पा?"

बाईंनी मला सांगितलं होतं. तिला अजून कोणी सांगितलं नव्हतं.

"नेहमी," मी म्हणालो.

"शाळेत पण?"

"शाळेत पण."

"लग्न झाल्यावर?"

मी मान डोलावली.

"मग कोण करणार लग्न," ती म्हणाली आणि थोडी हसली. मी हसलो नाही, तशी तीही थांबली. "तुम्ही इथे रडू नका. तुम्ही रडलात की सगळे माझ्याकडे बघतात."

नर्सने पुढच्या मुलाचं नाव पुकारलं. त्याची आई पिशवी सावरत उठली आणि त्याच्याबरोबर पडद्याआड गेली.