दोघांत एक गिटार

मित्रांनो, स्वस्थ बसणे ज्यांच्या नशिबी नाही, अशांपैकी मी एक जुनी गिटार आहे. कपाटावर निपचित पडलेली दिसले की तुम्हाला वाटते, ही झोपली आहे. तसे नसते. सहा तारा एका बाजूने माझी मान ओढत असतात आणि दुसऱ्या बाजूने पोट. हवा दमट झाली की माझे लाकूड फुगते, कोरडी झाली की आकसते. मधूनच माझ्यातून 'टक्' असा बारीक आवाज येतो. घरातल्यांना वाटते पाल चुकचुकली. ती मी असते.

माझा जन्म कलकत्त्याच्या एका कारखान्यात झाला. पोटाची फळी हलक्या लाकडाची, पाठ जड लाकडाची आणि मानेवर सतारीसारखे पितळी पडदे. तारा जिथून खुंट्यांकडे वळतात तिथे हाडाची एक पातळ पट्टी बसवलेली होती. त्या पट्टीमुळे तारा पडद्यांच्या अगदी जवळ राहत. बोटाने थोडे दाबले की सूर लागे. पहिली काही वर्षे मी एका हॉटेलातल्या बँडमध्ये होते. वाजवणारा मला छातीशी धरून उभा राहत असे. पुढे तो आपल्या गावी परत गेला आणि मी मुंबईत धोबीतलावाजवळच्या एका दुकानात खिळ्यावर लटकले.

त्या काळात रेडिओवर गिटार ऐकू येई ती वेगळ्या तऱ्हेची. वाजवणारा ती मांडीवर आडवी ठेवी आणि तारांवरून पोलादाचा गुळगुळीत दांडा फिरवी. सूर लांबत जाई, गळ्यातून निघाल्यासारखा. तसे वाजवायचे तर तारा पडद्यांपासून चांगल्या उंच हव्यात, नाहीतर दांडा पडद्यांवर आपटतो. गिऱ्हाइके तेच मागत. म्हणून दुकानदाराने माझ्या हाडाच्या पट्टीवर एक उंच लोखंडी पट्टी चढवली. तारा वर उचलल्या गेल्या. त्या दिवसापासून आपला जोडा काढून दुसऱ्याचा घातल्यासारखे मला वाटू लागले.

चौपन्न सालच्या दिवाळीनंतर अंधेरीहून दोघे जण दुकानात आले. एक विद्याधर, विमा कंपनीत कारकून, वय सव्वीस-सत्तावीस. दुसरी त्याची पुतणी सुलक्षणा, पंधरा वर्षांची. तिचे वडील नोकरीसाठी भुसावळला असत. घरात ती, तिची आई जयंती आणि हा काका.

"कोण वाजवणार?" दुकानदाराने विचारले.

"दोघंही. दोघांत एकच घेतोय," विद्याधर म्हणाला.

"मग दोघांनी हातात घेऊन बघा."

विद्याधरने स्टुलावर बसून मला मांडीवर आडवे घेतले, दांडा फिरवला आणि मान डोलावली. "झकास."

"काका, मी बघू?" सुलक्षणाने दोन्ही हात पुढे केले होते.

"घरी बघ. तुला अजून त्यातलं काय कळतंय? आधी मी शिकतो, मग तुला शिकवतो."

दुकानदाराने भिंतीवरची दुसरी गिटार दाखवली. तिच्या तारा खाली होत्या. "बेबीला ही हलकी जाईल."

"ती खेळण्यातली वाटते," विद्याधर म्हणाला आणि मला कापडात गुंडाळायला सांगितले.

सुलक्षणाने हात मागे घेतले. दुकानाबाहेर पडेपर्यंत ती त्या दुसऱ्या गिटारीकडे बघत होती. काकाचे मन वाईट नव्हते. गिटार म्हणजे जी रेडिओवर ऐकली ती, एवढेच त्याला ठाऊक होते. पण सुलक्षणाला हवे होते ते निराळे. तिला गाता गाता स्वतःची साथ करायची होती. तिची वर्गमैत्रीण फिलोमिना अंधेरीतच आंबोलीच्या गावठाणात राहत असे. सणाच्या दिवशी तिचे वडील गिटार छातीशी धरून गात आणि अंगण भरून जाई. सुलक्षणाने ते एकदा पाहिले होते आणि तेव्हापासून तिने घरात भुणभुण लावली होती.

जयंतीने दारातच मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "एवढी मोठी? आणि ठेवणार कुठे, भाऊजी? माझ्या डोक्यावर?"

मी कपाटावर गेले. सकाळी आणि रविवारी काकाची पाळी, शाळा सुटल्यावर सुलक्षणाची, असे ठरले.

काका भराभर शिकला. महिन्याभरात शेजारचे लोक दारात येऊन उभे राहू लागले. वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमात त्याचे वादन ठरले. कौतुक झाले ते माझेही झाले. "काय गोड बोलते हो," असे म्हणून एका आजींनी माझ्या पोटावरून हात फिरवला. मला ते आवडले. खोटे कशाला बोलू?

पण संध्याकाळ झाली की माझा जीव कासावीस होई. सुलक्षणा मला छातीशी धरी, एका हाताने मान पकडी आणि तारा दाबी. तारा इतक्या उंच होत्या की त्या पडद्यापर्यंत पोचतच नसत. पोचल्याच तर भलताच सूर निघे. ती आणखी जोर लावी. बोटांच्या टोकांवर आधी लाल रेघा उमटल्या, मग फोड आले आणि मग तारांवर रक्ताचे ठिपके दिसू लागले. ती फडक्याने ते पुसून टाकी, आईला दिसू नयेत म्हणून.

मित्रांनो, मला बोलता आले असते तर मी पहिल्याच दिवशी सांगितले असते. पण मला फक्त वाजता येते, आणि तेसुद्धा कोणी वाजवले तर.

"आडवी घे ना सरळ," काका म्हणे. "दांडा फिरव, सूर आपोआप येतो."

"दांडा फिरवून गाण्याची साथ कशी करू? मला एकदम चार-चार सूर हवेत."

"हवेत, हवेत. बोटांत जोर नाही नि हवेत."

अडचण अशी होती की शाळेच्या गॅदरिंगमध्ये सुलक्षणाने नाव देऊन ठेवले होते. शाळेची पेटी नाटकासाठी ठरलेली होती, त्यामुळे साथ ज्याने त्याने आपली आणायची होती. संक्रांतीनंतर गॅदरिंग, आणि दुसऱ्याच दिवशी वाचनालयाचा कार्यक्रम. एका संध्याकाळी जयंतीने लेकीची बोटे पाहिलीच.

"हे बघ," ती म्हणाली, "गॅदरिंगला वाजवलंस तर वाजवलंस. नाही जमलं तर गिटार भाऊजींची. पुन्हा हात लावायचा नाही आणि रडायचंही नाही."

"आणि जमलं तर?"

"तर मी पहिल्या रांगेत येऊन बसते."

त्यानंतर सुलक्षणा मला हातात घेई तेव्हा तिचा श्वास आधीच जोरात चाललेला असे. एक पाय सतत हलत असे. आपल्यात ते अंगच नाही, असे तिला वाटू लागले होते, आणि तसे वाटले की ती तारा अधिकच चुकीच्या दाबी.

पुढे जे घडले ते मी पाहिले नाही. सुलक्षणाने आईला सांगितले ते ऐकले. ती फिलोमिनाच्या घरी गेली होती. भिंतीवरची गिटार काढून फिलोमिनाने तिच्या हातात दिली. सुलक्षणाने सवयीने दात-ओठ खाऊन तारा दाबल्या.

"अगं, हळू," फिलोमिना म्हणाली. "गिटार आहे ती. पोळी लाटतेस काय?"

सुलक्षणाने हात सैल सोडला आणि चारही सूर एकदम लागले. तिने पुन्हा वाजवले. पुन्हा लागले. मग ती गिटार तिथेच ठेवून तडक घरी निघाली.

घरात शिरली ती शाळेच्या कपड्यांतच माझ्यापुढे बसली. फिलोमिनाच्या गिटारीची मान तिने नीट पाहून घेतली होती. आता ती माझी मान तपासू लागली. लोखंडी पट्टीवर बोट फिरवले, ती हलते का पाहिले. ती हलली. सुलक्षणाने खुंट्या सैल केल्या, तारा बाजूला सारल्या आणि पट्टी उचलून तळहातावर घेतली. खाली माझी हाडाची पट्टी होती तशीच होती. इतक्या वर्षांनी तारा आपल्या जागी टेकल्या. तिने सूर लावले आणि बोटे ठेवली.

पोटाच्या फळीपासून पाठीपर्यंत मी थरथरले. स्वयंपाकघरातून जयंती बाहेर आली, तिच्या हातात पळी तशीच होती. "रेडिओ लावलायस का गं?"

काका घरी आला, त्याने मला मांडीवर घेतले आणि दांडा टेकवला. खडखडाट झाला.

"काय केलंस हिचं?"

"ती पट्टी काढली. आता माझी बोटं पोचतात. काका, माझ्या बोटांना काही झालेलं नव्हतं."

"आणि माझं काय? मी वाचनालयाला हो म्हणून बसलोय."

"आणि मी शाळेला."

"म्हणजे आता रोज पट्टी बसवायची नि काढायची?"

"तू बसव. मी काढीन."

तसेच सुरू झाले. सकाळी काका पट्टी चढवी आणि तीन तारा त्याच्या पद्धतीच्या सुरांसाठी आणखी ताणी. संध्याकाळी सुलक्षणा पट्टी काढी आणि तारा उतरवी. सकाळी ताण, संध्याकाळी ढील. दोघेही माझ्यावर प्रेम करीत होते आणि दोघांमध्ये माझे हाल चालले होते. खुंट्या झिजू लागल्या. एक तार तुटली, नवी आली, तीही तुटली. "माझ्या स्टोव्हलासुद्धा कोणी एवढी पिन मारत नाही," जयंती म्हणाली. पण त्या दोघांनी ऐकले नाही. दोघांनाही घाई होती.

संक्रांत झाली. तिळाच्या लाडवांचा डबा अजून संपायचा होता. एका सकाळी ऑफिसला उशीर होत असताना काकाने भराभर खुंट्या पिळल्या. माझ्या पोटावर चिकटवलेला जो लाकडी ठोकळा तारांची टोके धरून ठेवतो, तो एका बाजूने कडकन उखडला.

काकाचा हात खुंटीवरच राहिला. सुलक्षणा वेणी घालता घालता धावत आली. तिने उखडलेल्या ठोकळ्याखालची फट बोटाने चाचपली. ती ओरडली असती तर काकाला बरे वाटले असते.

काका त्या दिवशी ऑफिसला गेला नाही. त्याने सुताराकडून सरस आणला, गरम करून फटीत भरला आणि ठोकळ्यावर वरवंटा ठेवला. मी वरवंट्याखाली पडून राहिले. तारा नव्हत्या, ताण नव्हता. खरे तर ती माझी विश्रांती होती, पण मला ती सोसवेना. दोघे माझ्याभोवती येरझाऱ्या घालत होते.

गॅदरिंगच्या दिवशी सकाळी काकाने वरवंटा काढला आणि तारा चढवल्या. सवयीने लोखंडी पट्टीही बसवली आणि खुंटी फिरवली. माझ्यातून 'टक्' आवाज आला. काकाने कान माझ्या पोटाला लावला. मग खुंटी आणखी थोडी फिरवली. पुन्हा 'टक्'. एवढा ताण मी आता सोसणार नाही, हे त्याला कळले, आणि उद्या वाचनालयात आपल्याला वाजवता येणार नाही, हेही.

त्याने तारा सैल केल्या, पट्टी काढून खिशात घातली आणि पुतणीला हाक मारली. "सुलू, तुझे सूर तू लाव. मला येत नाहीत."

"आणि उद्या?"

"उद्या मी हात दुखतो म्हणून सांगणार आहे."

"खोटं?"

"हात नाही दुखत. बाकी सगळं खरं आहे."

गॅदरिंगमध्ये सुलक्षणा एकदा चुकली. दुसऱ्या कडव्याच्या सुरुवातीला तिचे बोट घसरले आणि मागच्या बाकांवरची मुले हसली. ती थांबली नाही. तोच सूर पुन्हा धरून पुढे गेली आणि शेवटपर्यंत गायली. टाळ्या पुष्कळ नव्हत्या, पण खऱ्या होत्या. जयंती पहिल्या रांगेत बसली होती, कबूल केल्याप्रमाणे.

घरी परतताना ती म्हणाली, "भाऊजी, मी उगाच पोरीला तसली कडक अट घातली."

"तुम्ही कशाला, वहिनी," विद्याधर म्हणाला. "दुकानात मीच तिला हात लावू दिला नाही."

पुढच्या रविवारी त्याने सुलक्षणाला मला छातीशी कसे धरायचे ते विचारले. ती समोर बसून त्याची बोटे एकेक करून तारांवर ठेवू लागली. थोड्याच वेळात तो बोटे चोळू लागला.

"तुझी बोटं अशीच दुखायची?"

"नाही," सुलक्षणा म्हणाली. "तुला ही सोपी करून दिलीये."

काकाने मान खाली घातली आणि पुन्हा तारा दाबल्या.

आता त्याला चार वर्षे झाली. विद्याधरचे लग्न झाले, तो चेंबूरला राहायला गेला. सुलक्षणा शिक्षिका होण्यासाठी शिकते आहे. कधी कधी तिच्या परीक्षा असतात, आणि मग महिनामहिना मी कपाटावर असते. धूळ साचते. तिची पावले जिन्यात वाजली की माझ्या तारा आपोआप किंचित हलतात. माझा स्वभावच तसा.

मित्रांनो, वाद्य कपाटावर टाकाल तेव्हा त्याच्या तारा थोड्या सैल करा. त्याच्याकडून एकाच वेळी दोन कामे करून घेऊ नका. आणि धाकट्या कोणासाठी पहिले वाद्य घ्यायला गेलात, तर ते आधी त्याच्या हातात द्या. तो चाचपडेल, बेसूर वाजवेल, दुकानातले लोक बघतील. बघू द्या. तोवर तुम्ही स्टुलावर गप्प बसा.