सिनेमातला बांध

रंगनाथनं चपलेच्या टाचेनं खुंटी उखडली आणि लाल रिबिनीसकट ओढ्याकडे भिरकावली.

“कोणाला इचारून ठोकली?”

कांद्याच्या वाफ्यांमधल्या वाटेवर उभा असलेला माणूस दचकून वळला. चाळिशीचा असेल. पाठीला सॅक, अंगात काळा टी-शर्ट आणि त्यावर जबडा वासलेल्या कुठल्यातरी जनावराचा सांगाडा. हातात वहीच्या पानाएवढं पारदर्शक प्लॅस्टिक होतं. एक डोळा मिटून तो त्यातून समोरच्या डोंगराकडे बघत होता. खुंटी, रिबीन, एक डोळा मिटून बघणं. रंगनाथला जे कळायचं ते कळलं. मोजणीवाला आला होता, आणि त्याला कुसाबाईशिवाय कोण आणणार?

“नोटीस कुठे हे? नोटीस न देता वावरात पाय कसा ठेवला?”

“मोजणी नाही हो काका. मी शूटिंगची जागा शोधतोय.”

“कसली?”

“सत्त्याण्णव साली इथं डायनासोरच्या पिक्चरचं शूटिंग झालं होतं. ‘पत्थर का अंडा’.”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. हे कारण इतकं बिनडोक होतं की रंगनाथला त्यात आधी डाव दिसला, आणि मग वाटलं, डाव टाकणारा माणूस याहून बरं काहीतरी रचून आला असता. गेल्या सहा वर्षांत तहसील कचेरीत त्यानं स्वतः बरंच काही रचून सांगितलं होतं.

सांगावं लागण्याचं कारण त्याच्या बांधावरच उभं होतं. वडिलांनी मरण्याआधी दोघा भावांना तोंडी वाटणी करून दिली आणि मधोमध चुना लावून एक दगड रोवला. सातबारा मात्र सामाईकच राहिला. थोरला चिमाजी असेपर्यंत दगड जागचा हलला नाही. तो गेला, आणि रंगनाथ दर नांगरटीला बांध कोरू लागला, आधी नांगराच्या एका तासाएवढा, मग हातभर. शेवटी दगडच उचलून अकरा पावलं पलीकडे, भावाच्या वावरात नेऊन रोवला. मोकळ्या झालेल्या पट्ट्यात बोअर घेतली तर चार इंची पाणी लागलं. वाटणीला बसलेले पंच एकेक करून वर गेले होते, आणि ज्यांना जागा आठवत होती त्यांना रंगनाथशी वैर नको होतं. चिमाजीची बायको कुसाबाई अर्जावर अर्ज करायची. प्रत्येक ठिकाणी तिला एकच विचारायचे, पुरावा काय? पुरावा तिच्याकडे नव्हता.

आत्ताही ती बांधापलीकडे तिच्या कोरडवाहू हरभऱ्यात खुरपत बसली होती. तिनं मान वर केली नव्हती, पण खुरप्याचा आवाज थांबला होता.

“नाव काय?”

“प्रफुल्ल. एकलहऱ्याला असतो, पॉवर स्टेशनला.”

“पुढं?”

“साळवे.”

आडनाव ऐकल्यावर रंगनाथचं बोलणं आणखी एक पायरी खाली उतरलं. “हे बघ साळवे, इथं काय सरडेबिरडे नाय. निघ.”

निघायचं सोडून प्रफुल्ल बोलायलाच लागला. आवडीच्या विषयावर माणसाचा अपमान करणं अवघड असतं, त्याला तो ऐकूच जात नाही. दहा-अकरा वर्षांचा असताना त्यानं पहिला डायनासोर पडद्यावर पाहिला आणि तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचलं नाही. दोन वर्षांपूर्वी सगळी रजा एकदम काढून तो बावीस तास विमानात बसून पार हवाई बेटांवर जाऊन आला होता. तिथल्या एका दरीत सगळ्या मोठ्या इंग्रजी पिक्चरची शूटिंगं झालीत. बायको संजना म्हणाली होती, त्यापेक्षा मला एकदा काश्मीर दाखवा. दरीत उभं राहिल्यावर त्याला रडूच फुटलं होतं. आणि परत आल्यावर कुणीतरी सांगितलं, अरे, तुझ्या नाशिकलाच, गिरणाऱ्याच्या अलीकडे, एक देशी डायनासोर होऊन गेला.

“बावीस तास इमानात बसला? सरडा बघाया?” रंगनाथ हसला. “सरड्याची धाव कुंपणापर्यंत, हे तर तिकडून कुंपणाकडं आलंय.”

हसता हसता तो बांधापलीकडे बघत होता. कुसाबाई ऐकत होती, तिनं ऐकावं असंच त्याला वाटत होतं.

प्रफुल्लनं तेवढ्यात सॅकमधून फोन काढला, त्यावर काहीतरी मोठं केलं, एकदा फोनकडे आणि एकदा रंगनाथकडे बघितलं. मग तो ओरडलाच.

“काका! तुम्हीच आहात हे! निळी बंडी!”

पडद्यावर तीन सेकंदांचं दृश्य होतं. मागून लाकडी सांगाड्यावर रेक्झिन चढवलेला डायनासोर येतोय आणि गावकरी पळताहेत. त्यात निळ्या बंडीतला पंचविशीचा रंगनाथ, तोंड उघडं, डोळे बाहेर. तो सिनेमा त्यानं नाशिकला एकदाच पाहिला होता, चार दोस्तांना घेऊन, आणि सगळा वेळ फक्त स्वतःला शोधत होता.

“आमच्या ग्रुपवर चार हजार लोक आहेत काका. या सीनमधला एकही माणूस आजपर्यंत कुणाला सापडलेला नाही. तुम्ही पहिले!”

रंगनाथनं मिशीवरून हात फिरवला. कांद्याच्या वावरात उभ्या उभ्या गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला.

“घाबरण्याची ॲक्टिंग लय अवघड असती,” तो म्हणाला, आणि आवाज चढवून, “हे शूटिंग आपल्याच वावरात झालं व्हतं! डायरेक्टर म्हणला, ह्याला पुढं घ्या!”

“मग तेव्हा उभे होता तिथंच आज उभे राहा ना. तोच फोटो परत काढतो. तेव्हा आणि आता.”

“कुठं, दगडाशी?” रंगनाथ ऐटीत बांधावर गेला आणि चुन्याच्या दगडापाशी कमरेवर हात ठेवून उभा राहिला. हात दाखवून अवलक्षण करायची माणसाला कोण घाई असते!

प्रफुल्लनं प्लॅस्टिक डोळ्यांसमोर धरलं. त्यावर सिनेमातलं ते दृश्य छापून घेतलेलं होतं. डोंगराची खाच, त्याखालचा आंबा, ओढ्याचं वळण, सगळं आरपार दिसायचं. छापलेलं आणि समोरचं एकावर एक बसलं की जागा सापडली. हवाईला त्यानं याच पद्धतीनं सतरा जागा शोधल्या होत्या. दोन पावलं डावीकडे, अर्धं पाऊल मागे सरकत त्यानं आधी डोंगर बसवला, मग आंबा.

“काका, तुम्ही फार पुढं आहात. मागे या.”

रंगनाथ दोन पावलं मागे आला.

“अजून.”

कांद्याची पात पायाखाली मोडत होती. रंगनाथ उलटा चालत राहिला, छाती पुढे काढून. तीन, चार, पाच. बोअरचा पाइप त्याच्या मांडीला घासला आणि समोर राहिला. तो थबकला.

“अजून पाच-सहा पावलं,” प्रफुल्ल म्हणाला. “दगड तुमच्या पायाशी यायला पाहिजे.”

“दगड तर तिकडं हे.”

“तेव्हा इकडं होता. दिसतोय की.”

बांधापलीकडे कुसाबाई उठून उभी राहिली.

“पिक्चरवाल्यांनी हलवला व्हता,” रंगनाथ घाईनं म्हणाला. “फोटोत बरा दिसावा म्हणून. लागलीच परत ठेवला.”

“नाही काका, रोवलेला आहे,” प्रफुल्लनं एक डोळा मिटलेलाच ठेवून, तज्ज्ञाच्या सुरात सांगितलं. “बुडाशी वारूळ आलंय बघा. चुना ओघळून गवतावर उतरलाय. वर्षानुवर्षं तिथंच असणार. या मागे.”

आता थांबणं म्हणजे तिच्यादेखत कबूल करणं होतं, आणि चालणंही तेच होतं. रंगनाथ सहा पावलं चालला. का, ते त्याला पुढे कधी सांगता आलं नाही.

“बस! हलू नका!”

प्रफुल्लनं प्लॅस्टिक त्याच्याजवळ आणून दाखवलं. सिनेमा पाहताना रंगनाथनं कधी न पाहिलेला भाग त्यात होता. दगडाच्या दुसऱ्या अंगाला चिमाजी होता. तो पळत नव्हता. वळून, वाकून त्यानं दगडावरून रंगनाथचा हात धरला होता आणि ओढत होता. त्या दिवशी डायनासोरचा पुढचा पाय खरोखरच मोडला होता आणि सगळं धूड रंगनाथवर येत होतं. ॲक्टिंगबिक्टिंग काही नव्हती.

“हे दुसरे कोण? सापडतील का?”

“मेला,” रंगनाथ म्हणाला.

“माझे मालक हायेत ते.”

कुसाबाई बांध ओलांडून आली होती. सहा वर्षांत पहिल्यांदा. तिनं ते प्लॅस्टिक हातात घेतलं, आधी नवऱ्याकडे बराच वेळ बघितलं, आणि मग प्रफुल्लनं सांगितलं तसं ते डोळ्यासमोर धरून डोंगरावर डोंगर बसवला.

“भाऊ, ही बोअर कोणाच्या अंगाला येती यात?”

“बोअर तेव्हा नव्हती, मावशी.”

“आज हाय ना. दगडाच्या कोणत्या अंगाला?”

प्रफुल्लनं वाकून बघितलं. “तुमच्या. मालक आहेत त्या अंगाला.”

“हा फोटो कोणाकोणाकडं हाय?”

“सगळ्यांकडे. पिक्चर नेटवर आहे, कुणीही बघावा.”

फोटोतल्यासारखा रंगनाथचा उजवा हात नकळत अर्धवट पुढे आला होता, तो त्यानं खिशात घातला.

“मावशी, तुम्ही त्यांच्या जागी उभ्या राहता का?” प्रफुल्लच्या डोक्यात आता फक्त फोटो होता. “फार भारी होईल. त्यांचा हात धरा, तसाच.”

“हात नको,” कुसाबाई म्हणाली. “आधी दगड आणाया सांग त्याला. दगडाबिगर फोटो खोटा वाटंल.”

“म्हणजे तो दगड आहे अजून? तोच?” प्रफुल्लनं बांधावरच्या चुन्याच्या दगडाकडे बघितलं, पळत जाऊन त्याच्यापाशी बसला, त्याच्यावरून दोन्ही हात फिरवले. जुन्या टवक्याची खूण जुळल्यावर तो लहान मुलासारखा हसला. मग त्यानं बाह्या वर सारल्या.

“काका, या ना! वजनदार आहे, पण दोघांना उचलता येईल!”

“दोघं कशाला?” कुसाबाई चिमाजीच्या जागेवर जाऊन उभी राहत म्हणाली. “नेला तव्हा एकटाच व्हता तो.”