कोरड्या रविवारचं जनावर

तीस वर्षं मी इनव्हरनेस शहरातून आमच्या गावाला येणारी बस चालवतोय. रस्ता सगळा तळ्याच्या कडेकडेनं. रोज कुणीतरी शहाणा मागून येऊन विचारतो, "ड्रायव्हरसाहेब, तळ्यातला राक्षस कुठं दिसतो हो?" सुरुवातीला मी नीट उत्तरं द्यायचो. मग सांगायला लागलो, की तो दुपारचा झोपलेला असतो. आता तोंडही उघडत नाही, नुसतं पाटीकडं बोट दाखवतो : 'ड्रायव्हरशी बोलू नये.' डोक्याला ताप आहे सगळा! त्या पाण्यात मी बदकं पाहिली, होड्या पाहिल्या, एकदा एका जर्मन बाईची टोपी तरंगत जाताना पाहिली. राक्षस काही दिसला नाही.

आणि माझं नशीब बघा. लग्न केलं तेही राक्षस पाहिलेल्या बाईशीच.

चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट, इश्बेल तेव्हा सोळा वर्षांची होती. मी या गावात यायला अजून बरीच वर्षं होती, ग्लासगोत उंडारत होतो. तिनं पाण्यात काहीतरी पाहिलं आणि पोरीच्या जातीनं जे करू नये ते केलं, पोस्टमनला सांगितलं. दोन दिवसांत वर्तमानपत्रवाला दारात हजर. मग फोटो, मग टिंगल, मग आयुष्यभराचं नाव : राक्षसवाली इश्बेल. शाळेत मास्तरणीच्या हाताखाली तिला घ्यायचं ठरत आलं होतं. शाळा समितीनं नकार दिला. गोष्टी रचणाऱ्या मुलीच्या हाती मुलं कशी द्यायची, असं म्हणाले. मग इश्बेलनं सतरा वर्षं हॉटेलात चादरी धुतल्या.

घरात या विषयावर ती एक अक्षर बोलायची नाही. कुणी विचारलंच तर, "जे पाहिलं ते सांगितलं," म्हणायची आणि दार लावून घ्यायची. मीही कधी खोदून विचारलं नाही. पण खोटं? इश्बेल आणि खोटं? शेजारच्या फार्करच्या बायकोनं केक आणून दिला तर ही तोंडावर सांगते, "बाई, मध्ये कच्चा राहिलाय." तिच्या बापाची शिकवण. अलास्डर फ्रेझर म्हणजे चर्चचे ज्येष्ठ, म्हणजे पंचच, त्यांचा शब्द म्हणजे गावाचा शब्द. त्यांच्या थडग्यावर कोरलंय : 'सत्यानं चालला.'

तर या जुलैत लंडनहून एक मिस्टर पिल्बीम उगवले. चष्मा, दाढी, आणि खांद्याला टेपरेकॉर्डर. त्यांचं म्हणणं, हा राक्षस म्हणजे हॉटेलवाल्यांनी आणि वर्तमानपत्रवाल्यांनी मिळून शिजवलेली भानगड. त्यावर ते पुस्तक लिहिणार. आठवडाभर गावात घरोघर फिरले आणि शेवटी आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. इश्बेलच्या हातचे स्कोन लोणी चोपडून चापले, तोंड पुसलं आणि यंत्राचं बटण दाबलं.

"तुमचा बाईंवर राग नाहीये ना?" मी विचारलं.

"छे छे! सोळा वर्षांची मुलगी, तिला काय कळतंय? कुणीतरी पढवलं असणार, एवढंच मला म्हणायचंय."

"मला कुणी पढवलं नाही," इश्बेल म्हणाली. हातात किटली घेऊन उभी होती.

"मग हे बघा. तेव्हाच्या पेपरात तुमच्या नावानं छापलंय, की सोमवारी सकाळी तुम्ही एकट्या गाई शोधायला तळ्यावर गेलात, तेव्हा ते दिसलं. बरोबर? आता मी गावात ज्याला ज्याला विचारलं तो एकच सांगतो. त्याच सोमवारी ओढ्याला पूर आला, पूल वाहून गेला. पहाटेपासून धुकं आणि पाऊस. तुमचे शेजारी फार्कर ग्रँट काय म्हणाले ठाऊक आहे? 'सोमवारी? अहो, गाय पायावर पाय देईपर्यंत दिसत नव्हती.' मग बाई, तुम्हाला अर्ध्या मैलावरचं जनावर कसं दिसलं?"

पुलाची गोष्ट मलाही माहीत होती. आमच्याकडं सगळी वर्षं त्या पुलापासून मोजतात. पण आजवर दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहायचं मला सुचलंच नव्हतं. मी मान वर करून इश्बेलकडं पाहिलं, आणि तिनं माझं तोंड पाहिलं.

तिनं किटली खाली ठेवली.

"तूही, आर्ची?"

"मी कुठं काय म्हणालो?"

"म्हणायला कशाला हवं? तीस वर्षं तुझ्या ताटात वाढतेय, मला कळत नाही होय तुझं तोंड?" मग ती पिल्बीमकडं वळली. हात तिनं ॲप्रनमध्ये गुंडाळून घेतले. "सोमवार नव्हता. रविवार होता."

तुम्हाला सांगतो, आमच्या गावात रविवार म्हणजे काय चीज आहे ते. तो देवाचा दिवस, काम करणं म्हणजे पाप; बटाटेसुद्धा शनिवारी सोलून ठेवतात. मी नवा असताना एका रविवारी अंगणात दाढी करत बसलो, तर दोन महिने त्याची चर्चा चालली होती. फार्करची आई एकदा रविवारी विणताना दिसली, तर तिला चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या पंगतीपासून वर्षभर लांब ठेवलं होतं. आणि ठेवणारे कोण? अलास्डर फ्रेझर.

"आदल्या तीन आठवड्यांत एक दिवस धड गेला नव्हता," इश्बेल सांगायला लागली. "गवत कापून पडलेलं, नुसतं भिजत होतं. ते कुजलं असतं तर हिवाळ्यात गाई विकाव्या लागल्या असत्या. आणि रविवारी ऊन पडलं. चांगलं खणखणीत ऊन. चर्चमधून आलो, तर बाबा बराच वेळ खिडकीशी उभे. मग म्हणाले, 'दाताळं घे.' खालचा तुकडा तळ्याकडं उतरतो, रस्त्यावरून दिसत नाही. आम्ही दोघं गवत उलटत होतो. मी पाण्याकडं बघितलं, तर ते होतं. बाबांनाही दाखवलं. आम्ही दोघांनी पाहिलं."

"दोघांनी!" पिल्बीम पुढं सरसावले.

"मंगळवारी माझ्या तोंडून पोस्टमनपुढं निसटलं. मी नुसतं 'परवा' म्हणाले होते. तो पेपरवाला आला, 'कधी दिसलं?' म्हणाला, आणि मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, 'सोमवारी. एकटीच गेली होती.' बाबांनी जन्मात तेवढंच एक खोटं सांगितलं. रात्री जेवले नाहीत. मला म्हणाले, 'पोरी, तू मला उघडं पाडणार नाहीस ना?' नाही पाडलं. चाळीस वर्षं नाही पाडलं. आज पाडलं."

ती खुर्चीत बसली. मला तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला, पण पिल्बीमसाहेब हसत होते!

"एवढंच? रविवारी गवत उलटलं, एवढंच? बाई, त्यात कसली आलीय लाज?"

तळपायाची आग मस्तकात गेली. किटली हाताशी होती, पण स्वतःला आवरलं. "साहेब," मी म्हणालो, "तुमच्या बापाच्या थडग्याच्या दगडावर 'सत्यानं चालला' असं कोरलेलं आहे का? नाही ना? मग गप बसा."

पण खडूस माणूस, चिकाटी सोडेना. "वाईट वाटून घेऊ नका. पण आज चाळीस वर्षांनी दिवस बदलला, तर लोक म्हणतील सोयीनं बदलला. त्या रविवारी ऊन होतं असं सांगणारा निदान एक माणूस हवा."

"फार्कर सांगेल," मी म्हणालो. "सोमवारचं एवढं नीट आठवतंय, तर रविवारचं नाही आठवणार?"

फार्करचं घर रस्त्यापलीकडं. तो अंगणात विळा घासत बसला होता. सत्तरीला टेकलेला, अंगानं आडवा, चर्चमध्ये आता ज्येष्ठांच्या बाकावर बसतो. आम्हा तिघांना आणि ते यंत्र बघून त्याचा हात थांबला.

"फार्कर," इश्बेल म्हणाली, "एकच विचारते. पूल वाहून गेला त्याच्या आदल्या दिवशी ऊन होतं का?"

"आता एवढं कोण लक्षात ठेवतंय?"

"मी सांगितलंय यांना. बाबा आणि मी खालच्या तुकड्यात गवत उलटत होतो म्हणून. बाबांचं नाव घेऊन सांगितलंय. तुला नुसतं ऊन होतं एवढंच म्हणायचंय. उन्हाला कसलं पाप लागतंय?"

फार्करनं तिच्याकडं पाहिलं. विळा बाजूला ठेवला. मग यंत्राकडं बोट केलं. "ते बंद करा."

पिल्बीमनी बंद केलं.

"ऊन होतं," फार्कर म्हणाला. "तुझ्या बापाचा पांढरा सदरा आम्हाला वरून दिसत होता."

"वरून कुठून?"

"आमच्या वरच्या शेतातून. मी, भाऊ आणि बाबा. आमचंही पडलेलं होतंच की गवत. पलीकडं मॅक्रे मंडळी त्यांच्या उतारावर. सगळेच होते, इश्बेल. जो तो आपापल्या झाडाआड. त्या वर्षी साऱ्या खोऱ्यात कुणाचंच गवत कुजलं नाही. आणि ते वाळलं कधी, हे कुणी कुणाला विचारलं नाही."

इश्बेलनं कुंपणाचा खांब धरला. मला वाटलं ती हसेल. हसण्यासारखंच होतं ते! अख्खं गाव रविवारी दाताळी घेऊन लपूनछपून शेतात, आणि संध्याकाळी सगळे काळे कोट घालून परत चर्चमध्ये. पण ती हसली नाही.

"फार्कर," ती हळू आवाजात म्हणाली, "वरच्या शेतातून तळं दिसतं."

फार्कर पायाकडं बघत होता.

"दिसतं ना?"

"दिसतं."

"मग?"

"तीनदा पाठ वर आली," तो म्हणाला. "काळीभोर. भाऊ ओरडणार होता, बाबांनी त्याच्या तोंडावर हात दाबला. कुणी ऐकलं असतं तर कळलं असतं ना, आम्ही कुठं आहोत ते."

पिल्बीमचा चष्मा नाकावर घसरला. "म्हणजे तुम्ही सगळ्यांनी ते... आणि मला सोमवारचं धुकं सांगत बसलात?"

"तुम्ही सोमवारचं विचारलंत, सोमवारचं सांगितलं. खोटं कुणीच बोललेलं नाही," फार्कर म्हणाला, आणि मी कपाळावर हात मारून घेतला. खरंच होतं ते. अख्खं गाव खरं बोलत होतं, आणि एकट्या पोरीला खोटं पाडत होतं!

"तुझा बाप शाळा समितीवर होता," इश्बेल म्हणाली.

"होता."

"गोष्टी रचणारी मुलगी, हे कोण म्हणालं होतं?"

फार्करची मान इतकी खाली, की टोपीशिवाय काही दिसत नव्हतं. पिल्बीमनी बटण दाबलं आणि यंत्र पुढं केलं, "कृपा करून एवढंच पुन्हा एकदा सांगा." फार्कर उठला. म्हणाला, "माझ्या बापाचाही दगड त्याच चर्चच्या आवारात आहे," आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

आमच्या फाटकाशी पिल्बीम इश्बेलला म्हणाले, "तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण यंत्रात फार्करचा शब्द नाही. पुस्तकात मला जे मिळालं तेच लिहावं लागेल."

"लिहा," ती म्हणाली. "चाळीस वर्षं तेच छापलेलं आहे."

गाडीत बसताना त्यांनी मला विचारलं, गावातलं दुसरं कुणी बोलेल का? मी म्हणालो, "ड्रायव्हरशी बोलू नये."

चार दिवस इश्बेल भांडी आपटत होती. तिच्या बापाचा तो तळ्याकडचा तुकडा आता तिच्याच नावावर आहे, गवत कापून पडलेलं होतं, आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. रविवारी सकाळी पडदा सारला, तर लख्ख ऊन. मी काही बोलायच्या आत ती मागच्या दारानं गेली आणि दाताळं घेऊन आली.

"अगं, खालच्या बाजूनं जाऊ या," मी म्हणालो. "निदान लोक चर्चमध्ये जाईपर्यंत थांब."

"चाळीस वर्षं थांबले की. अजून किती थांबू?"

आणि बाई शेताच्या वरच्या, रस्त्याच्या कडेच्या उघड्या पट्ट्यापासूनच सुरुवात करती झाली, घंटा वाजत असताना. लोक यायला लागले. काळे कोट, हातात बायबल. मॅक्रेंची सून थबकली, नवऱ्यानं तिला कोपराला धरून पुढं नेलं. कुणी 'गुड मॉर्निंग' म्हणालं नाही. इश्बेल गवत उलटत होती, जोरजोरात, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते तिनं पुसलंही नाही.

शेवटी फार्कर आला. बायकोला पुढं घालून, मान खाली. इश्बेलनं दाताळं जमिनीत रोवलं आणि साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली.

"फार्कर! आज काही दिसतंय का रे?"

सगळा रस्ता उभा राहिला. फार्करनं मान वर केली. तळ्याकडं पाहिलं. मग तिच्याकडं. ओठ हलल्यासारखे वाटले, पण घंटा वाजत होती, काही ऐकू आलं नाही. मग त्यानं तिच्यापुढं टोपी काढली आणि तसाच उघड्या डोक्यानं चर्चच्या फाटकातून आत गेला.

मी कोट काढला, कुंपणावर टाकला आणि दुसरं दाताळं घेतलं. थोडा वेळ आम्ही दोघं शेजारी शेजारी काम करत राहिलो. मग मला राहवलं नाही.

"इश्बेल," मी म्हणालो, "नक्की कसं होतं गं ते?"

ती थांबली. माझ्याकडं अशी बघत राहिली, की मला वाटलं आता दाताळं माझ्याच डोक्यात घालतेय.

"तीस वर्षांनी विचारतोस होय?" ती म्हणाली. नाक पुसलं, पश्चिमेकडं पाहिलं. "गवत उलट आधी. ढग यायला लागलेत. मग सांगते."