वाचलेल्यांनीच हात वर करावा

सकाळी फ्रिजमधून दूध काढताना अर्डिस पेल्टियेच्या हाताला नदीनची इन्शुलिनची कुपी लागली आणि तिने ती उचलून तळहातावर तोलली. कुपी जड होती. आणून महिना होत आला म्हणजे ती हलकी लागायला हवी. अर्डिसचे डोळे गेले होते, हात शाबूत होते. लेक अर्ध्या मात्रेवर दिवस ढकलतेय, हे त्या हातांना लगेच कळलं.

कळणार नाही तर काय! नदीन आज राबते त्याच खानावळीत राबताना, याच काटकसरीपायी तिने स्वतःचे डोळे घालवले होते. विमा नव्हता, औषध महाग, मग आज थोडं कमी, उद्या थोडं कमी. पासष्टी उलटल्यावर म्हाताऱ्यांचा सरकारी विमा मिळाला, पण तोवर बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. आता नदीन तिच्याच वाटेने निघाली होती. साखरेचा आजार आहे म्हटल्यावर कुठलीच विमा कंपनी तिला दारात उभी करत नव्हती.

अर्डिसने कुपी होती तिथे ठेवली. आता विषय काढला तर पोरगी खोटं बोलेल, दोघी भांडतील आणि गावसभेला उशीर होईल. गावसभा तर तिने लग्नापासून एकदाही चुकवली नव्हती.

मार्चमधल्या मंगळवारी ईस्ट हॅव्हर्लीचं अख्खं गाव सभागृहात गोळा होतं. न्यू हॅम्पशरमधल्या चिखलाने भरलेले बूट, कोपऱ्यात लाकडाची शेगडी, आणि मागच्या स्वयंपाकघरातून भाजलेल्या घेवड्याचा आणि मेपलच्या पाकातल्या गोड पाईचा वास. रस्ते सपाट करायच्या यंत्रावरून सकाळभर डोकी फोडून झाली होती. आता शेवटचा विषय राहिला होता. वॉशिंग्टनमध्ये आरोग्य विम्याचं विधेयक लटकलं होतं, त्याला गावाने पाठिंब्याचं पत्र पाठवायचं की नाही?

इथला नियम असा, की एकमेकांशी बोलायचं नाही, जे काय ते अध्यक्षांना सांगायचं. शिव्यासुद्धा त्यांच्यामार्फत.

"अध्यक्षमहाराज, सरकार उद्या डॉक्टरच्या खुर्चीत येऊन बसेल!"

"अध्यक्षमहाराज, त्या खुर्चीत आज विमा कंपनी बसलीय, तेव्हा याची वाचा बसली होती का, विचारा!"

अध्यक्ष ऑल्डन बिक्सबी. वर्षभर मेपलचा पाक विकायचा आणि या एका दिवशी लाकडी हातोडा आपटायचा, एवढंच त्याचं राजकारण. तो आपटून आपटून थकला होता. तेवढ्यात व्हिटकॉम सर उठले आणि आवाज आपोआप खाली आला. अर्ध्या गावाला नागरिकशास्त्र त्यांनी शिकवलेलं, नदीनलासुद्धा. माणूस सरळ, पण शिस्तीचा भारी सोस.

"अध्यक्षमहाराज, हे विधेयक दोन हजारांहून जास्त पानांचं आहे. मी ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलंय. इथे ओरडणाऱ्यांपैकी कुणी वाचलंय? दोन्ही बाजूंना विचारतोय." बाकांखाली बूट घासले गेले. "न वाचता निकाल देणं ही नागरिकाला शोभणारी गोष्ट नाही. माझी दुरुस्ती अशी की ज्यांनी वाचलंय त्यांनीच हात वर करावा. बाकीच्यांनी मनाची लाज म्हणून गप्प बसावं."

टाळ्या पडल्या, आणि दोन्हीकडून पडल्या. लोकांना भूक लागली होती, भांडणाचा वीट आला होता.

"कायद्याने मी कुणाचा हात धरू शकत नाही," ऑल्डन म्हणाला. "पण विनंती म्हणून दुरुस्ती चालेल. कुणाला बोलायचंय?"

अर्डिस नदीनच्या खांद्याचा आधार घेऊन उठली.

"आई, बस ना. जेवायला उठायचंय सगळ्यांना."

"उठू दे. मी उठलेय आधी." तिने आवाज लावला. "अध्यक्षमहाराज, मला दिसत नाही. दोन हजार सोडा, दोन पानंही वाचता येत नाहीत. मी काय करावं, ते सरांना विचारा."

सरांचा आवाज एकदम मऊ झाला. "अर्डिसबाईंना अर्थातच सूट. त्यांची अडचण आपण सगळेच जाणतो."

अर्डिसचं डोकं सणकलं.

"सूट नको मला! सूट तान्ह्या पोराला देतात. या सभागृहात बर्फ पडत असतानाही येऊन मी मत दिलंय, कुणाच्या मेहेरबानीवर नाही. सर म्हणतात वाचायला हवं. बरं, वाचू या. त्यांच्याजवळ बाड आहे ना? माझा एकच प्रश्न आहे. माझ्या लेकीला साखरेचा आजार आहे. तेवढ्यावरून कंपनी तिला विमा नाकारू शकेल का?"

"नाही," सर ताबडतोब म्हणाले. "तशी बंदीच घातलीय."

"कधीपासून?"

कागद फडफडले. बराच वेळ फडफडले. सर काही फसवाफसवी करणारे नव्हते, त्यांना नक्की कलम बघूनच सांगायचं होतं.

"प्रौढ माणसांसाठी... चार वर्षांनी."

पाठिंब्यासाठी घसा फोडणाऱ्यांच्याही हे गावी नव्हतं.

"मधल्या काळासाठी एक वेगळी सोय आहे," सर घाईने म्हणाले, "पण ती नक्की कुणाला मिळेल, ते मला खात्रीने सांगता येणार नाही."

"सगळं वाचूनही?"

"हो. सगळं वाचूनही."

"मग ऐका, अध्यक्षमहाराज." अर्डिसने नदीनच्या खांद्यावरचा हात काढला. "औषध पुरवून पुरवून वापरलं म्हणून माझे डोळे गेले. त्याला चार वर्षं नाही लागली. आणि आज सकाळी माझ्या लेकीची कुपी हातात घेतली तर ती जड लागली."

"आई!" नदीनने तिची बाही खसकन ओढली. "गावासमोर?"

"गावासमोरच! माझ्या वेळी मी गावाला दिसू दिलं नाही. काय मिळालं?"

नदीनने बाही सोडली आणि आईचा हात धरला.

सरांनी बाड मिटलं. मग म्हणाले, "अध्यक्षमहाराज, मी माझी दुरुस्ती मागे घेतो."

"घ्यायची नाही!" अर्डिस ओरडली. "मला ती पाडायचीय. कायदा तुम्ही वाचलात, सर, उपकार झाले, तुमच्यामुळे चार वर्षं कळली. पण लाज बाळगून मी गप्प बसले असते, तर तुम्हाला ते विचारलं कुणी असतं? तो कायदा आमच्या अंगावर पडणार आहे. त्याबद्दल बोलायला मला कुणाची परवानगी नको, आणि परीक्षा तर मुळीच द्यायची नाही."

ऑल्डनने हातोडा उचलला. "दुरुस्तीच्या बाजूने कोण?" खोकल्याचासुद्धा आवाज नाही. "विरुद्ध?" छप्पर उडेल असा "नाही!" निघाला, आणि अर्डिसच्या कानांनी नेमका टिपला, त्यात सरांचाही आवाज होता.

"आता माझी दुरुस्ती," ती म्हणाली. "पत्राच्या शेवटी एवढंच लिहा. चार वर्षांनी नाही, आत्ता."

"अनुमोदन," सर म्हणाले.

पत्र मंजूर झालं. एकमताने नाही. मागच्या रांगेतले चौघे-पाचजण शेवटपर्यंत विरोधात ओरडले, आणि अर्डिसला त्यांचा राग आला नाही. वाचलं नव्हतं त्यांनीही.

"वॉशिंग्टनवाले आपलं पत्र केराच्या टोपलीत टाकतील हो, अर्डिस," बाहेर पडताना ऑल्डन हळूच म्हणाला.

"टाकू देत. पुढच्या वर्षी दुसरं लिहू. तुझा हातोडा झिजेल, माझं तोंड नाही."

जेवणाची पंगत सुरू झाली होती. नदीनने आईसाठी ताट वाढून आणलं, समोर ठेवलं आणि स्वतःसाठी जायला निघाली.

"थांब. पिशवीत कुपी आणि सुई आणलीयस ना? आधी घे."

"घेते गं. संडासात जाऊन घेते."

"इथे. माझ्यासमोर."

"तुला दिसत नाही, आई."

"म्हणूनच हातात दे."

नदीनने इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या बाकावर व्हिटकॉम सर होते, ते ताटात मान घालून बसले. तिने कुपी काढली, सुई खुपसली, औषध ओढलं आणि निमूटपणे आईच्या बोटांपुढे धरलं. अर्डिसने अंगठा हळूहळू सिरिंजच्या दांड्यावरून फिरवला. दांडा अर्ध्यावरच थांबला होता.

"आणि संपली म्हणजे?" नदीनने विचारलं. "ही अजून महिनाभर पुरवायचीय, आधीच संपली म्हणजे काय करायचं?"

"मग मी परत उभी राहीन. सरांच्या दारात, ऑल्डनच्या दारात, सगळ्यांच्या. आता माहितीय सगळ्या गावाला. तुला चार वर्षं काढायचीत, नदीन. धड डोळ्यांनी काढायचीत."

तिने अंगठा दांड्यावरच ठेवला.

"अजून ओढ," ती म्हणाली.