रोज मरणारं कार्ड

योगराज सोनवणेचा बायकोवर फार जीव आहे, असं सुरतेच्या बमरोलीतल्या त्यांच्या गल्लीत कुणीही सांगितलं असतं. तो जीव इतका होता की तिला मोकळा श्वास घेऊ देत नव्हता, हे मात्र एकट्या चंचललाच ठाऊक. लग्नाच्या चौथ्या वाढदिवसाला त्यानं तिच्या फोनसाठी लाल कव्हर आणलं. पुस्तकासारखं उघडणारं, आत कार्ड ठेवायला कप्पा, आणि मिटलं की लोहचुंबकानं टपकन चिकटणारं. मोठ्या हौसेनं त्यानं ते स्वतःच्या हातानं फोनला चढवलं, तिचं मिलच्या हजेरीचं कार्ड कप्प्यात सरकवलं आणि हे कधी काढू नकोस, म्हणून बजावलं.

दोघंही पांडेसऱ्याच्या एकाच डाईंग मिलमध्ये कामाला. तो कापड सुकवायच्या मशीनवर, ती साड्यांच्या घड्या घालणाऱ्या खात्यात. एकाच मोटरसायकलवर जायचं, एकाच मोटरसायकलवर यायचं. गेटवर ज्यानं त्यानं आपलं कार्ड मशीनमधून ओढायचं. कार्डाच्या पाठीवर काळी पट्टी, तिच्यात कामगाराचा नंबर भरलेला. नंबर वाचला गेला की हिरवा दिवा लागतो आणि हजेरी पडते.

कव्हर आलं त्याच आठवड्यात चंचलचं कार्ड मेलं. लाल दिवा. मग तिला टाइम ऑफिसच्या खिडकीशी जावं लागलं. तिथं किरण वानखेडे बसायचा. तिशीचा, बिनलग्नाचा, चापून भांग पाडलेला, शेठशी गुजरातीत आणि कामगारांशी ज्याच्या त्याच्या भाषेत बोलणारा. त्यानं कार्ड मशीनवर पुन्हा भरून दिलं. दोन दिवसांनी ते परत मेलं. परत खिडकी, परत किरण. कशामुळे होतंय ते तुमच्या केव्हाच लक्षात आलं असेल. योगराजच्या आलं नाही, कारण त्याचं लक्ष कार्डाकडे नव्हतंच, खिडकीकडे होतं.

तिसऱ्या खेपेला चंचल खिडकीशी उभी राहून हसली. योगराजनं ते लांबून पाहिलं. घरी ती असं हसत नव्हती. घरी ती भाकरी थापायची, विचारलं तेवढंच बोलायची. काय हसत होतीस, असं त्यानं विचारलं तर म्हणाली, किरणभाऊ म्हणत होते, वहिनी, या कार्डाला आता टॉनिक पाजा. यात हसण्यासारखं काय होतं, याचा योगराजनं दिवसभर मशीनवर विचार केला. त्याला काही सापडलं नाही, आणि न सापडल्यामुळे तो जास्तच जळला.

मग त्यानं डोकं चालवलं. एकदाचा हा सूर्य, हा जयद्रथ करायचा. चंचलचं कार्ड त्यानं स्वतःच्या खिशात ठेवायला सुरुवात केली. गेटवर तिच्या हातात द्यायचं, तिनं ओढलं की परत घ्यायचं. पाठीमागची माणसं खोळंबायची, रखवालदार हिंदीत कुरकुरायचा, पण चार दिवस एकदाही लाल दिवा लागला नाही. पाचव्या दिवशी त्यानं कार्ड तिला परत दिलं. सहाव्या दिवशी मेलं. चंचल खिडकीशी, किरण खिडकीत.

आता पुरावा हाती आला होता. त्या संध्याकाळी ताटावर बसल्या बसल्या त्यानं विचारलं, "मन्हा खिसामा कार्ड जित्तं ऱ्हास, तुन्हा हातमा मरस. हाई कसं?"

चंचलनं मान खाली घातली. ती काहीतरी लपवते आहे, हे त्यानं बरोबर ओळखलं. काय लपवते आहे, ते साफ चुकीचं ओळखलं. एक तारखेपासून तुझी मिल बंद, घरी बसायचं, असं त्यानं सांगून टाकलं. गेल्याच महिन्यात तिला घड्यांच्या टेबलाची मुकादम करायचं ठरलं होतं. सहा बायकांवर एक, आणि तीही पस्तिशीच्या आत. हेही त्याला फारसं गोड लागलं नव्हतं.

"मी काम सोडाव नही," चंचल म्हणाली आणि ताट उचलून मोरीत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना योगराजनं तिचा फोन मागून घेतला. तिला कोण फोन करतं ते त्याला बघायचं होतं. यादीत शिरपूरची त्याची आई होती, गॅसवाला होता, त्याची स्वतःची बहीण होती. किरण नव्हता. म्हणजे तिनं नाव पुसलं, असं त्यानं धरलं, आणि फोन शर्टाच्या खिशात कोंबला. त्याच खिशात त्याचं कार्ड होतं. आदल्या दिवशी भरून आणलेलं चंचलचं कार्डही त्यानं रात्रीच ताब्यात घेतलं होतं, तेही तिथंच.

गेटवर चंचलनं कार्ड ओढलं. लाल. योगराजनं आपलं ओढलं. लाल. पुसून परत ओढलं. लाल. रखवालदारानं दोघांनाही खिडकीकडे हाकललं.

किरणनं दोन कार्डं पाहिली, मग योगराजच्या खिशातून डोकावणारं लाल कव्हर पाहिलं, आणि सगळं समजावून सांगितलं. झाकणात लोहचुंबक आहे, त्यानं ही काळी पट्टी पुसली जाते, कार्ड आणि फोन वेगळे ठेवा. मग अगदी सहज म्हणाला, "वहिनींना मी पंधरा दिवसांपूर्वीच सांगितलं होतं, हे कव्हर काढून टाका म्हणून."

चंचल स्वतःच्या चपलांकडे बघत उभी राहिली. कार्डं भरून मिळाली. योगराज मशीनवर गेला. आपण साप साप म्हणून भुई धोपटत होतो, हे त्याला कळलं. लाजही वाटली. तिला काय म्हणायचं, ते त्यानं दहा वेळा मनात जुळवलं.

घरी आल्यावर त्यानं फोन तिच्यापुढे ठेवला आणि पंधरा दिवस ठाऊक असून कव्हर का काढलं नाहीस, असं खरंच मऊ आवाजात विचारलं.

"कव्हर काढं असतं, नही तं कार्ड येगळं ठेवं असतं, तरी तुमी पुसं असतं," चंचल म्हणाली. "कसाले काढं, कोनी सांगं. किरणभाऊनी सांगं, हाई तुमले कसं सांगू?"

दर दोन दिवसांनी लाल दिवा, दर वेळी उशिराची खूण, मुकादमीवर पाणी पडायची वेळ. एवढं सगळं तिनं एका प्रश्नाच्या भीतीनं सोसलं होतं.  माफी मागायची म्हणून योगराजनं तोंड उघडलं.

"पन त्यानी तुले कधय सांगं?" तो म्हणाला. "कोठे?"

शब्द बाहेर पडल्यावर त्यालाच ते ऐकू आले. चंचल रडली नाही, भांडली नाही. तिनं कप्पा रिकामा असल्याची खात्री केली, कार्ड पिशवीत टाकलं, कव्हर मिटलं आणि फोन त्याच्यापुढे धरला.

"हाऊ फोन आते तुमनाजोडे ठेवा. मी नुसतं कार्ड लई जासू. एक तारीखनंतर भी."

आणि योगराजनं तो घेतला.